हिरवा ब्लाउजपीस

"वैजू, तो हिरवा ब्लाउजपीस कुठाय गं?"

सासूबाईंनी हे इतक्या हळू विचारलं की मी दोनदा "काय?" म्हणाले. आमच्या केबिनला खिडकी नव्हती. तीन माणसं आणि चार बॅगा आत शिरल्यावर हवासुद्धा जेमतेमच उरायची. बाथरूममध्ये मुकुंदची अंघोळ चालली होती आणि आईंची नजर त्या दारावर खिळलेली.

"कुठला हिरवा?"

"सोनेरी टिकल्यांचा. तुझ्या बॅगेत सगळे मिळून सहा ब्लाउजपीस होते, आता एकही दिसत नाही."

"काल वाटले की हळदीकुंकवाला. त्यासाठीच तर आणले होते."

"सगळे?"

"सगळे."

आई मटकन पलंगावर बसल्या. मला वाटलं, बोट हलली म्हणून असेल.

"अहो आई, साठ रुपयांचा ब्लाउजपीस तो. त्याचं काय एवढं?"

"त्याच्या घडीत दोनशे डॉलर होते," आई म्हणाल्या.

आत शॉवर बंद झाला आणि आम्ही दोघी गप्प बसलो.

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आम्ही कराडचे. पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर सिंगापूरहून निघणाऱ्या बोटीवर चार दिवस गेलो होतो, मी, मुकुंद आणि त्याची आई. आता मी त्याला मुकुंद म्हणते. तेव्हा 'अहो' म्हणायची. तो सहकारी बँकेत शाखाधिकारी होता, आणि दुसऱ्याचे पैसे सांभाळून सांभाळून माणसाचं डोकं कसं होतं ते मला विचारा. परदेशात पाकीट मारतात असं त्यानं कुठंतरी वाचलं. झालं! पोटाला बांधायचा कापडी पट्टा शिवून घेतला. तो बनियनच्या आत, त्यावर शर्ट, शर्ट पँटमध्ये खोचलेला, वर चामड्याचा बेल्ट. चोराची काय बिशाद! पण मुकुंदचीही बिशाद नव्हती. पाण्याची बाटली घ्यायची म्हटलं तरी आधी संडास शोधायचा, आत जाऊन अर्धे कपडे उतरवायचे, नोट काढायची आणि सगळं पुन्हा चढवून बाहेर यायचं. सिंगापूरच्या विमानतळावर एका कॉफीसाठी तो अकरा मिनिटं आत होता. काउंटरवरची मुलगी कॉफी धरून तशीच उभी.

बोटीवर तर रोख पैसा चालतच नाही. चढल्या चढल्या काउंटरवर पैसे भरायचे, मग ते कार्ड देतात, आणि सरबतापासून साबणापर्यंत सगळं त्या कार्डावर. आम्हाला तीन कार्डं मिळाली, पण तिन्हींचा खर्च मुकुंदच्या नावावर. पहिल्याच दुपारी आईंनी डेकवर एक लिंबू सरबत घेतलं. जेवायला बसलो तर मुकुंद हातात कागद घेऊन हजर.

"आई, साडेचार डॉलरचं सरबत? घरी लिंबं सडतायत आपल्याकडे."

त्या दिवसापासून बोटीवर आई पाणीच प्यायल्या.

मुकुंद वाईट नव्हता हो. मागितलं तर कधी नाही म्हणायचा नाही. पण मागावं लागायचं, आणि कशाला ते सांगावं लागायचं. त्याचे वडीलही तसेच होते म्हणे.

तर त्या सकाळी मुकुंद अंघोळ करून नाश्त्याला पुढे गेला आणि आईंनी मला केबिनबाहेरच्या बोळात गाठलं.

"भिशीचे पैसे होते माझे. माझ्या भावाची निशा अमेरिकेहून आली होती ना, तिला रुपये दिले आणि डॉलर घेतले."

"पण कशाला, आई?"

त्यांनी आधी मागे बघितलं, मग पुढे बघितलं. "उडायला."

"काय?"

"उद्या बोट फुकेतला लागते ना, तिथे समुद्रावर छत्रीला बांधून उडवतात. माहितीपत्रकात चित्र होतं. तिथे कार्ड चालत नाही, रोखच लागतात. मी टूर मॅनेजरला विचारून ठेवलंय."

आईंचं वय सहासष्ट. कराडात गच्चीवर पापड वाळत घालायला गेल्या तरी मुकुंद खालून ओरडायचा, "कठड्यापाशी जाऊ नकोस." आणि ह्या बाई छत्रीला बांधून उडणार! मला हसू आलं, पण त्यांचं तोंड बघून ते मी गिळलं.

"म्हणून ब्लाउजपीसमध्ये लपवले?"

"मग कुठे लपवू? चोर पर्स उघडतो, पिशवी उघडतो. ब्लाउजपीस जगात कोण उघडतं? चाळीस वर्षांत मी एकही उघडलेला नाही."

यात चूक काढायला जागा नव्हती. ओटीत आलेला ब्लाउजपीस शिवायचा नसतो, तो पुढच्या बाईच्या ओटीत घालायचा असतो. आमच्याकडे एक मोरपंखी ब्लाउजपीस तीनदा फिरून परत आला होता, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, तीच टाचणी लावलेली. बँकेच्या तिजोरीपेक्षा ती घडी सुरक्षित.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याला सांगितलं असतंस."

सांगितलं असतंच.

हळदीकुंकू आदल्या दुपारी झालं होतं. संक्रांतीचे दिवस, बरोबर चाळीस मराठी माणसं, मग टूर कंपनी गप्प बसते होय? बोटीच्या नवव्या मजल्यावर, जिथे रोज गोरे लोक पत्ते खेळायचे, तिथे सतरंजी अंथरली. ऋजुता म्हणून एक नवी नवरी होती, तिला काळी साडी नेसवून हलव्याचे दागिने घातले. बोटीच्या भारतीय आचाऱ्यानं तांदूळ दिले. आम्ही एकमेकींच्या ओट्या भरल्या. आई तिथे नव्हत्या. सासरे जाऊन सहा वर्षं झाली होती. "मी जरा डेकवर बसते," असं त्या स्वतःच म्हणाल्या. "बसा हो इथेच" असं कुणीही म्हटलं नाही. मीही नाही.

हिरवा ब्लाउजपीस मी ऋजुतालाच दिला होता. फुकेत उद्यावर आलेलं. मी नाश्ता तसाच टाकून तिला शोधायला निघाले. ती बोटीवरच्या पोहण्याच्या तलावात होती.

"हिरवा? तो मी खानोलकर वहिनींना देऊन टाकला," ती पाण्यातून म्हणाली. "मी साडीच नेसत नाही हो, ब्लाउज कशाचा शिवू?"

खानोलकर वहिनी बुफेला तिसऱ्यांदा रांगेत उभ्या होत्या.

"छान होता गं, पण त्या रंगाचे माझ्याकडे नऊ आहेत. कालच कुमठेकर काकूंची ओटी भरली त्यानं."

आगीतून निघून फुफाट्यात म्हणतात ते हेच. साताऱ्याच्या कुमठेकर काकू म्हणजे शास्त्राचं चालतं बोलतं पुस्तक. एकादशीला बोटीवर साबुदाणा का नाही म्हणून त्यांनी कॅप्टनला बोलवायला सांगितलं होतं.

काकू वरच्या डेकवर आरामखुर्चीत बसल्या होत्या. काठापदराची साडी, पायात खेळाचे बूट, मांडीवर पर्स.

"काकू, खानोलकर वहिनींनी तुम्हाला हिरवा ब्लाउजपीस दिला ना, तो मला मिळेल का? बदल्यात मी दुसरा देते. पैठणीच्या काठाचा."

"ओटीतलं परत मागतेस? शिकलीसवरलेली ना तू?"

"जरा अडचण आहे हो."

"तुझी अडचण मला माहितीये." काकूंनी पर्स किंचित उघडली. हिरवं टोक दिसलं. "मी ब्लाउजपीस मोजून घेते. मेले मीटर म्हणून विकतात आणि निघतो ऐंशी सेंटिमीटर. उघडला, तर आत अमेरिकेच्या नोटा आणि छत्रीचं चित्र. कुणाच्या ह्या? तुझ्या?"

हो म्हणाले असते तर कदाचित तिथेच सुटले असते. पण काकूंपुढे खोटं बोलायला छाती लागते.

"आईंच्या."

"इंदूबाईंच्या? बरं झालं सांगितलंस. मुकुंदरावांकडे देते. बँकेतला माणूस आहे, नीट ठेवील."

"मुकुंदकडे नाही!"

एकदम नावच निघालं तोंडातून. अकरा वर्षांच्या संसारात चारचौघांत मी ते घेतलेलं नव्हतं. काकूंनी चष्मा खाली केला.

"त्या पैशांवर त्याचा काही हक्क नाही," मी म्हणाले. आता थांबणं शक्य नव्हतं. "आईंच्या भिशीचे आहेत. त्यांना उडायचंय."

"ह्या वयात?"

"याआधी कोण उडू देणार होतं, काकू?"

काकूंनी चष्मा पुन्हा वर केला. मग म्हणाल्या, "ते ठीक आहे गं. पण द्यायचे कसे? देणारीकडे परत जात नाही, म्हणजे तुला नाही देता येत. ओटीत आलेलं ओटीतूनच पुढे जायला हवं. आणि तुझ्या सासूची ओटी..." त्या अडल्या.

"भरा की," मी म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला वाटलं, आता ह्या मला समुद्रात ढकलणार. पण त्यांनी पर्सची चेन लावली.

"जा, चहा आण मला. साखर कमी."

मी चहा आणला. त्यांनी तो प्यायला आणि बोटीवरचे संडास किती स्वच्छ आहेत यावर अर्धा तास बोलल्या. ब्लाउजपीसचं नावही काढलं नाही.

आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गेले समज. कुमठेकर बाई शास्त्र सोडायच्या नाहीत. तुझी काय चूक? मीच सांगायला हवं होतं." मग जरा वेळानं, "चित्रही त्यातच होतं," म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी ह्यांच्याकडून मागून घेते, आई."

"कशाला म्हणून सांगशील?"

मी माझी पर्स उघडून बघितली. काही असणार नाही हे माहीत होतं, तरी बघितली. कंगवा, रुमाल, डासांचं मलम आणि मुकुंदच्या नावावरचं कार्ड.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुकेत आलं. बसनं आम्हाला समुद्रकिनाऱ्यावर आणून सोडलं. तिथे बघते तर खरंच रंगीत छत्र्या वर चढत होत्या. खाली एक होडी जोरात पळायची, दोर ताणला जायचा आणि वाळूवरचा माणूस पाच पावलं पळून सरळ आभाळात. बरोबर एक तिथला माणूस वरच्या दोऱ्यांना नुसता हातांनी लटकून जायचा, त्याला पट्टा नाही की काही नाही. आई वाळूत बसून, मान वर करून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

मुकुंद मात्र खुशीत होता. त्याला शहाळं हवं होतं. तो संडास शोधत गेला, बऱ्याच वेळानं नोट घेऊन आला, आणि तिघांत मिळून एक शहाळं, तीन नळ्या घालून, दोन्ही हातांत सांभाळत उभा राहिला.

इतक्यात मागून आवाज आला, "इंदूबाई, उठा. पूर्वेकडे तोंड करा."

कुमठेकर काकू! एका हातात रुमालात बांधलेले तांदूळ, दुसऱ्या हातात हिरवा ब्लाउजपीस. आमच्या ग्रुपच्या सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

"अहो काकू, त्या तर..." खानोलकर वहिनी पुटपुटल्या.

"कोण आहेत ते मला दिसतंय," काकू म्हणाल्या. "काल दिवसभर विचार केला मी. शास्त्रात समुद्र ओलांडणंच मुळी निषिद्ध आहे. ते तर आपण सगळ्यांनी पैसे भरून केलंय, वर पाच टक्के सवलत घेऊन. मुळावरच घाव घातल्यावर फांद्यांचं कसलं सोवळं? पदर पुढे करा, इंदूबाई."

आईंनी पदर पुढे केला. काकूंनी ब्लाउजपीस ठेवला, वर तांदूळ घातले, आणि इकडेतिकडे बघून मुकुंदच्या हातातलं शहाळं काढून घेतलं.

"अहो, ते माझं..." मुकुंद म्हणाला.

"ओटीला नारळ लागतो," काकू म्हणाल्या.

कुंकवाचं बोट आईंच्या कपाळापाशी नेऊन त्या थांबल्या. "लावू?"

"राहू द्या," आई म्हणाल्या. "आत आहे तेवढं पुरे."

काकूंना आलेलं हसू त्यांनी खोकल्यावर नेलं. आईंनी शहाळं उचलून मुकुंदच्या हातात परत दिलं. "धर. सांडू नकोस, ओटीतलं आहे." मग पदरातल्या तांदळाखालच्या घडीत हात घालून त्यांनी तीन नोटा काढल्या, ओटी कमरेला खोचली आणि सरळ त्या छत्रीवाल्याकडे चालू लागल्या.

"वैजू, आई कुठे चाललीय?" मुकुंद म्हणाला.

"उडायला."

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. तोवर काकूंनी आईंच्या साडीचा काचा मारून दिला होता. छत्रीवाल्यानं पट्टे आवळले आणि त्याच्या भाषेत काहीतरी समजावलं. "हो हो, कळलं," असं आई त्याला मराठीत म्हणाल्या. ओटी काढून ठेवा अशी खूण त्यानं केली, तेव्हा त्यांनी ठाम मान हलवली. शिट्टी वाजली, होडी पळाली. आई पाच पावलं पळाल्या. सहावं पाऊल हवेत पडलं.

"आई!" मुकुंद किंचाळला. "अरे, बीपी आहे तिला! खाली आणा! थांबवा ते! किती पैसे हवेत तुम्हाला?"

छत्रीवाल्याला 'पैसे' तेवढं बरोबर समजलं असावं. त्यानं हात पुढे केला. मुकुंदचा एक हात पोटाकडे गेला आणि तिथेच थांबला. बेल्ट, शर्ट, बनियन. आई वर जात होत्या, आणि माझा नवरा चारी दिशांना संडास शोधत होता.

"हे धर," त्यानं शहाळं माझ्यापुढे केलं.

"छे हो, ओटीतलं आहे. आईंनी तुमच्याकडे दिलंय."

तो शहाळं घेऊन पळत सुटला. असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

आई आता पार वर होत्या. चेहरा दिसत नव्हता, नुसते पाय दिसत होते, पांढरे मोजे घातलेले. त्या ओरडत होत्या. घाबरून का आनंदानं ते खालून कळत नव्हतं. काकू माझा दंड घट्ट धरून म्हणाल्या, "ती हसतेय गं."

छत्री वळली आणि किनाऱ्यावरून परत आली. नेमका तेव्हाच मुकुंद संडासातून बाहेर पडला, शर्टाची बटणं वरखाली, एका हातात नोटा, एका हातात शहाळं. वर आईंची ओटी सुटली होती. तांदूळ त्याच्या डोक्यावर, खांद्यांवर, शहाळ्यात सांडत गेले. लग्नातसुद्धा त्याच्यावर एवढ्या अक्षता पडल्या नव्हत्या.

आई उतरल्या त्या वाळूत बसूनच. केस विस्कटलेले, तोंड लाल. त्यांनी ब्लाउजपीस मात्र मुठीत घट्ट धरला होता.

मुकुंद धापा टाकत आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, काही झालं असतं म्हणजे? आणि पैसे कुठून आणलेस? मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तू 'कशाला?' म्हणून विचारलं असतंस," आई म्हणाल्या.

त्याला ते कळलं की नाही कोण जाणे. तो त्यांच्याजवळ वाळूत बसला आणि बराच वेळ डोक्यातले तांदूळ वेचत राहिला. मग शहाळं पुढे करून म्हणाला, "पी थोडं." त्या प्यायल्या.

बसमध्ये परत जाताना मुकुंद पुढे बसला, आई माझ्या शेजारी. त्यांनी ब्लाउजपीस उलगडला. छत्रीचं चित्र चुरगळलं होतं, ते त्यांनी खिडकीतून वाऱ्यावर सोडलं. उरलेल्या नोटांतल्या निम्म्या काढून माझ्या मुठीत कोंबल्या.

"अहो आई, मला कशाला?"

"काल तू पर्स उघडलीस तेव्हा मी जागी होते," त्या म्हणाल्या. "कंगवा आहे नुसता तुझ्याकडे. ठेव हे. आणि कशावर खर्च केलेस ते कुणाला सांगायचं नाही. मलाही नाही."

मी खिडकीकडे तोंड केलं, कारण मला रडू येत होतं आणि पुढे मुकुंद होता.

कराडला आल्यावर आईंनी तो ब्लाउजपीस शिवायला टाकला. ओटीतला ब्लाउजपीस शिवलेला आमच्या घरात तो पहिला. काकूंचं खरं निघालं, ऐंशी सेंटिमीटरच होता, बाह्या तोकड्या झाल्या. आई तो हौसेनं घालायच्या, अगदी शेवटपर्यंत.

आणि त्या डॉलरांचं मी काय केलं? मुकुंद चौदा वर्षं विचारतोय. त्याला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.